दुसरा पाइप

गाडी बंद पडली तेव्हा आम्ही जालना रोडवर, करमाडच्या अलीकडे होतो. एप्रिल महिना, सकाळचे साडेदहा वाजले असतील. आधी इंजिनातून खडखड आली, मग गाडीतली ताकदच गेली, आणि मी ती कशीबशी कडेच्या मुरमावर घेईपर्यंत बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. मागच्या सीटवर झंवरशेठ बसले होते. जालन्याचे लोखंडाचे व्यापारी. सकाळच्या विमानाने ते मुंबईहून आले होते आणि मी त्यांना चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरवून घेऊन आमच्या प्लॉटिंगची जागा दाखवायला निघालो होतो. रस्त्याकडेचे सगळे प्लॉट ते एकटे घेणार होते.

शेठ खाली उतरले, रुमाल डोक्यावर धरला आणि एका लिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. तिथून ते सारखं घड्याळ बघत होते, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणजे माझे वडील, विश्वंभर पांचाळ. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं नोकरी करून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले होते. वय अडुसष्ट. फोनवर मी एवढंच म्हणालो, "तुम्ही नीट केलेली गाडी रस्त्यात उभी आहे." मुकुंदवाडीहून ते त्यांच्या जुन्या एम-एटीवर पाऊण तासात आले. पुढे पायाशी हत्यारांची पिशवी, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. शेठना त्यांनी लांबूनच नमस्कार केला, बॉनेट उघडलं, आणि हात न लावता नुसतं वाकून बघत राहिले. मग मला हळूच विचारलं,

"दिवा कधी लागला होता?"

मी मोबाइलमध्ये टोइंगवाल्याचा नंबर शोधत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं, "अंगद, दिवा लागल्यावर किती चालवलीस?"

शेठ आमच्याकडे बघत होते. मी आवाज चढवला. म्हणालो, "दिव्याचं काय विचारता? एसटीच्या बसगाड्या ठोकण्यात आयुष्य गेलं तुमचं. ही ठोकायची वस्तू नाही, हे आधीच कळायला पाहिजे होतं. तुम्हाला नाही, मला. आता हात लावू नका."

अण्णांनी पिशवीत घातलेला हात बाहेर काढला. बॉनेट आपटून बंद करायचं नसतं म्हणून दोन्ही तळहातांनी दाबून बसवलं, आणि ते बाजूला सरले. शेठना न्यायला दुसरी गाडी आली, माझ्या गाडीला न्यायला टोइंगवाला आला. तोपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उन्हात उभे होते. त्यांना सावलीत या म्हणावं, एवढंही मला सुचलं नाही.

ही गोष्ट दोन हजार अकराची. औरंगाबादेत तेव्हा जर्मन गाड्यांचं वेड आलं होतं. जमिनीचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की दारात तशी गाडी असल्याशिवाय गिऱ्हाईक आपल्याला मोजत नाही. नवी घेण्याची माझी ऐपत नव्हती. पुण्याच्या एका डॉक्टरांची नऊ वर्षं वापरलेली काळी गाडी, आपल्याकडच्या साध्या नव्या गाडीच्या किमतीत मला मिळाली. कोणती ते सांगत नाही, कारण गाडीचा काही दोष नव्हता. नऊ वर्षं झाली तरी दार लावलं की असा आवाज व्हायचा, जणू तिजोरी बंद झाली. बायको संजीवनी पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "अहो, ही परवडणार आहे का आपल्याला?" मी म्हणालो, "घेतली की आता. अजून काय परवडायचं?"

स्वस्तात घेतलेली महाग गाडी महागच राहते, हे मला पहिल्या सहा महिन्यांत कळलं. गाडी जुनी झाली म्हणून तिचा पार्ट स्वस्त होत नाही. एक हेडलाइट गेला, त्याच्या पैशांत आमच्या कॉलनीतल्या एकाने नवी स्कूटर घेतली होती. टायर साधे चालायचे नाहीत. बॅटरी बदलली तरी गाडीला ती कॉम्प्युटरवरून ओळख करून द्यावी लागायची, आणि त्या ओळखीचे वेगळे पैसे. मग एक दिवस पुढची बाजू खाली बसली. हवेवर चालणारं सस्पेन्शन होतं, त्यातली हवा गेली. गाडी अंगणात गुडघे टेकल्यासारखी उभी. कंपनीच्या वर्कशॉपने खर्चाचा कागद दिला तो मी घरी आणून टेबलावर ठेवला आणि जेवलोच नाही.

अण्णांनी तो कागद चष्मा लावून वाचला. दोनदा वाचला. म्हणाले, "एवढं काय असतं त्याच्यात? मी बघू का?"

रिटायर झाल्यापासून अण्णा गल्लीतले मिक्सर, शिलाई मशीन, कुणाची स्कूटर असलं काही ना काही दुरुस्त करत बसायचे. पैसे घेत नसत. पण या गाडीने त्यांना निराळाच हुरूप आला. त्यांनी दोनशे पानी वही आणली. माझ्या मुलीला शेजारी बसवून इंटरनेटवरचे व्हिडिओ बघायचे, एकेक ठिकाणी थांबवून चित्र काढून घ्यायचे. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण नटबोल्ट कुठे कसा बसलाय ते बघायला भाषा लागत नाही, असं म्हणायचे. सोडवलेला प्रत्येक बोल्ट वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचा, शेजारी पेन्सिलीने नंबर. पुण्याच्या जुन्या बाजारातून हवेचा फुगा आणला, आठ दिवस खपले, आणि गाडी उभी राहिली. कंपनीच्या कागदाच्या पाचव्या हिश्शात. त्या संध्याकाळी अण्णा गाडीभोवती फिरून तिच्याकडे बघत होते. मला म्हणाले, "बस बोलते रे. आवाजावरून कळतं काय दुखतंय. ही बोलत नाही, दिवे लावते. दिवा लागला की थांबायचं, एवढं पाळलं तर ही गाडी तुला दहा वर्षं जाईल."

पुढचं दीड वर्ष गाडी त्यांच्याच जिवावर चालली. मी गिऱ्हाइकांना सांगायचो की सर्व्हिसिंग पुण्याला असतं.

मार्चमध्ये गाडीखाली पाणी दिसायला लागलं. अण्णांनी दोन दिवस शोधून काढलं. इंजिनाच्या मागच्या बाजूला, हात जाणार नाही अशा जागी, थंड ठेवणाऱ्या पाण्याचे दोन प्लास्टिकचे पाइप होते. एक तडकला होता. दुसरा धड होता, पण नखाने दाबला की पापडासारखा वाजायचा.

"दोन्ही बदलू," अण्णा म्हणाले. "तिथपर्यंत पोचायलाच चार दिवस लागतात. आता उघडलंच आहे."

पाइप परदेशातून मागवावे लागणार होते. एकेकाची किंमत ऐकून माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात लेआउटच्या परवानगीसाठी माझा बराच पैसा अडकला होता. मी म्हणालो, "जो फुटलाय तोच आणू. दुसरा फुटल्यावर बघू."

"तो सांगून फुटणार नाही."

"अण्णा, एकच."

अण्णा पुन्हा गाडीखाली शिरले. एक पाइप आला, त्यांनी बसवला. चार दिवस वाकून त्यांच्या कमरेत उसण भरली होती. किल्ली देताना म्हणाले, "पाण्याचा दिवा लागला तर मिनिटभरसुद्धा चालवू नको. आहे तिथे बंद कर. मला फोन कर, मी येतो." त्यानंतर तीन आठवड्यांनी मी झंवरशेठना आणायला विमानतळावर गेलो.

गाडी मी पुण्याला साळवींच्या गॅरेजमध्ये पाठवली. परदेशी गाड्यांमधला माहीतगार माणूस, पन्नाशीचे, कमी बोलणारे. आठवड्याने त्यांनी बोलावलं म्हणून मी एकटाच गेलो. इंजिन खोललेलं होतं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "पुढचा, नवा पाइप कुणी बसवला?"

मी म्हणालो, "वडिलांनी. ते एसटीत होते."

"मला वाटलंच, हा कुणीतरी जुना माणूस आहे," साळवी म्हणाले. "माझ्या पोरांना मी दाखवलं ते काम. एक क्लिप तुटली होती, तर त्यांनी हाताने तशीच दुसरी घडवून बसवलीय. तो जोड अजून कोरडा ठणठणीत आहे. पाणी गेलं ते मागच्या, जुन्या पाइपातून. तो तेव्हाच का नाही बदलला?"

मी उरलेला चहा पिऊन टाकला. त्यांनी एक कागद पुढे केला. गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद होती. कुठल्या किलोमीटरला इंजिन तापल्याचा इशारा आला, आणि कुठल्या किलोमीटरला इंजिन बंद पडलं. दोन आकड्यांत बारा किलोमीटरचं अंतर होतं.

"तिथल्या तिथे थांबला असता तर पाइप आणि पाणी, एवढंच काम होतं," ते म्हणाले. "आता इंजिनच नवं लागेल. तेवढ्यात अशी दुसरी गाडी येईल."

मघाशी सांगताना मी हे गाळलं होतं. दिवा विमानतळाबाहेर पडल्या पडल्याच लागला होता. लाल, पाण्यातल्या थर्मामीटरचं चित्र असलेला, आणि समोरच्या पडद्यावर थांबा म्हणून अक्षरं. शेठ तेव्हा मागून विचारत होते की ही गाडी कधी घेतलीत, किती देते. मी स्टिअरिंगवरचं बटण दाबून ती अक्षरं घालवली. पुन्हा आली, पुन्हा घालवली. वाटलं, जागेवर पोचू, गाडी सावलीत लावू, शेठ उतरले की बघू. मोठ्या गाडीत बसवून आणलेल्या माणसाला रस्त्यात उतरवायची मला लाज वाटली. एवढंच त्याचं कारण. शेंद्र्याजवळ काटा शेवटाला टेकलेला मी बघितला होता, आणि एसी बंद केला म्हणजे इंजिनावरचा भार कमी होईल अशी स्वतःची समजूत घातली होती.

निघताना साळवी म्हणाले, "वडिलांना माझा नमस्कार सांगा. कधी पुण्याला आले तर इथे आणा त्यांना."

पुण्याहून परत येताना बसमध्ये पाच तास होते. घरी गेल्यावर सांगायचं हे माझं ठरलं होतं, असं मला आठवतं. पण त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं तेही सांगायला हवं. झंवरशेठनी प्लॉटचा विषय पुन्हा काढलाच नव्हता. संजीवनी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. गाडीपायी किती गेले, हे तिला ठाऊक होतं. एक दिवस ती मला म्हणाली होती, "अण्णांना एवढ्या मोठ्या गाडीत हात घालू द्यायला नको होता. पण त्यांना तरी काय बोलणार." या एका वाक्याने तिचा राग माझ्यावरून निम्मा उतरला होता, आणि मी तो उतरू दिला होता.

मी घरात शिरलो तर अण्णा पुढच्या खोलीत बसून होते. टीव्ही बंद. संजीवनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"काय म्हणला तो?" अण्णांनी विचारलं.

"इंजिन गेलंय. काही होण्यासारखं नाही."

"ते कळलं रे. माझा जोड सुटला होता का?"

एका शब्दाचं उत्तर होतं. मी संजीवनीकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "जाऊ द्या ना अण्णा. झालं ते झालं. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय."

अण्णांनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिले. म्हणाले, "मला आवळताना शंका आली होती. तिथे हात पुरत नव्हता. बोटांना पहिल्यासारखं कळत नाही आता."

त्यांना अशी काही शंका आलेली नव्हती. येण्याचं कारणच नव्हतं. पण मी तसं सुचवलं म्हटल्यावर त्यांनी ती शोधून काढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही बांधून माळ्यावर टाकली. हत्यारं तेल लावून, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. आठवड्याभरात बँकेत जाऊन स्वतःची ठेव मोडून आले आणि माझ्या हातात चेक दिला. मी नको म्हणालो, पण दोनदाच म्हणालो. गाडी साळवींनी सुट्या भागांसाठी विकून दिली, ते पैसे आणि अण्णांचे पैसे मिळून लेआउटच्या कामात गेले, आणि दोनेक वर्षांत माझा धंदा सावरला.

अण्णा सावरले नाहीत. आजारी वगैरे पडले असं नाही. पण शेजारच्या कुलथे वहिनी मिक्सर घेऊन आल्या तेव्हा त्यांना दारातूनच म्हणाले, "दुकानात द्या वहिनी. माझा हात गेलाय आता." एम-एटी बंद पडली तेव्हा ती ढकलत नाक्यावरच्या मेकॅनिककडे घेऊन गेले आणि तिथे बाकावर बसून दुसऱ्याला काम करताना बघत राहिले. मी ते रस्त्याने जाताना पाहिलं आणि थांबलो नाही. घरातला नळ गळायला लागला तरी ते प्लंबरला फोन करा म्हणायचे. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, इतके दिवस झाले, आता त्यांच्याही डोक्यातून गेलं असेल. अशी नऊ वर्षं गेली.

शेवटी सांगितलं ते त्यांच्या पडण्यानंतर. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि महिनाभर ते पलंगावर होते. वय सत्त्याहत्तर. एका दुपारी संजीवनी आणि मुलगी बाहेर गेल्या होत्या. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. दिवा कुठे लागला, बटण कसं दाबलं, बारा किलोमीटर, दुसरा पाइप, साळवी काय म्हणाले. त्यांनी घडवलेल्या क्लिपबद्दलसुद्धा सांगितलं. सांगताना मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

अण्णांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी हात लांब करून माझा हात धरला.

"किती दिवस विचार केलास हे सांगायचा?"

"नऊ वर्षं, अण्णा."

"बरं," ते म्हणाले. "पण मला फसवू नको बाबा. माझं मन राखायला तू स्वतःवर घेतोयस, ते मला कळतंय."

"नाही अण्णा, खरंच सांगतोय. माझी चूक होती."

"असू दे, असू दे. मी म्हातारा झालो, पडलो, म्हणून तुला माझी दया आली. दिवा लागला असता तर तू थांबला असतास. तू काय वेडा आहेस का? मी तुला एवढं बजावून सांगितलं होतं." त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं. "जोड माझाच सुटला. पण तू असं म्हणालास, बरं वाटलं मला."

दुसऱ्या दिवशी मी साळवींना फोन करायचं ठरवलं, त्यांच्या तोंडून तरी ऐकतील म्हणून. नंबर लागला नाही. त्यांचं गॅरेज चार वर्षांपूर्वीच बंद झालं होतं, आणि ते कुठे गेले ते कुणाला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरचा तो कागद साळवींनी दिला त्याच दिवशी मी पुण्याच्या स्टँडवर फाडून टाकला होता. संजीवनीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात किती बोलले असेन." त्यानंतर तिनेही अण्णांना समजावून पाहिलं. अण्णा तिला म्हणाले, "त्यानेच तुला पढवलंय."

ते गेल्या वर्षी गेले. तेराव्याला त्यांचे वर्कशॉपमधले जुने सोबती आले होते, त्यातले राऊतमामा जेवणं झाल्यावर माझ्यापाशी येऊन बसले. अण्णांच्याच वयाचे, ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने बोलतात. आजूबाजूचे चारजण ऐकत होते.

"तुझ्या बापाने मला तुझी गोष्ट सांगितली होती," मामा म्हणाले. "गेल्या दोन वर्षांत दहा वेळा सांगितली असेल. इंजिन गेलं माझ्या हातून, आणि पोरगं म्हणतं माझ्या हातून गेलं. असं पोरगं कुणाला मिळतं, म्हणायचा."

मी त्यांच्या कानाशी वाकलो. म्हणालो, "मामा, ते खरंच माझ्या हातून गेलं होतं. अण्णांचं काम चोख होतं."

मामांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाजूच्या माणसांकडे बघून म्हणाले,

"बघा. अगदी हेच म्हणतो, असं विश्वंभर सांगायचा."